नट घट्ट होता, हिरामणभाऊ

हिरामणभाऊ, तुम्ही गेलात त्याला आज सहा दिवस झाले. या सहा दिवसांत मी एका जागी दहा मिनिटं बसलेली नाही. कॉलेजात प्रॅक्टिकल चालू असताना मधेच बाहेर जाऊन येते. घरी भाजी चिरायला घेते, सुरी ठेवते, किल्ली उचलते आणि खाली पार्किंगमध्ये जाते. बॉनेट उघडते, डिपस्टिक काढून पुसते, परत घालते, परत काढते. ऑइल जिथं असायला हवं तिथंच असतं. गाडीला काहीही झालेलं नाही. काल वॉचमननं विचारलं, "मॅडम, कुछ प्रॉब्लेम है क्या?" नाही म्हटलं, बॉनेट पाडलं आणि सहा मजले जिन्यानं चढून आले, कारण लिफ्टमध्ये स्वस्थ उभं राहावं लागलं असतं.

तुम्ही गेल्याचं मला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. सकाळी कॉलेजला निघताना. "नेरूळचे आपले मेकॅनिक हिरामणभाऊ यांचं आज पहाटे हार्ट अटॅकनं निधन झालं." खाली जोडलेल्या हातांची रांग. कुणी लिहिलं, भला माणूस होता. कुणी लिहिलं, कामाचा पक्का. यातले निम्मे लोक गेली दोन वर्षं तुमच्याकडे फिरकले नव्हते. का फिरकले नव्हते, ते मला पक्कं माहीत होतं. याच ग्रुपवर दोन वर्षांपूर्वी मी तुमच्याविषयी काहीतरी लिहिलं होतं.

तुम्ही त्याबद्दल एक शब्द कधी बोलला नाहीत. मीही नाही. म्हणून आज लिहायला बसलेय. बसलेय म्हणजे काय, चार ओळी झाल्या की उठतेय.

आपली पहिली भेट तुम्हाला नक्की आठवली असती. माणसाच्या नावाआधी तुम्हाला त्याच्या गाडीचा आजार आठवायचा. घरात मी आणि आई, दोघीच. आईच्या दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी मी बारा वर्षं जुनी गाडी घेतली होती, आणि महिन्याभरात सिग्नलला थांबलं की ऑइलची लाल लाईट लुकलुकायला लागली. एका मोठ्या वर्कशॉपनं बॉनेट उघडून दोन मिनिटांत सांगितलं, इंजिन खोलावं लागेल. स्टाफरूममधल्या कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. मी गाडी नेरूळ गावात तुमच्या पत्र्याच्या शेडसमोर उभी केली तेव्हा तुम्ही बॉनेटला हातही लावला नाहीत. आधी प्रश्न.

"कवा लागते? सकालची थंड असताना, का गरम झाल्यावर?"

"गरम झाल्यावर. सिग्नलला."

"रेस दिली की?"

"जाते."

"आवाज येतो? ठकठक?"

"नाही."

मग तुम्ही डिपस्टिक काढून मला दाखवलीत. ऑइल पुरेसं होतं. मी म्हटलं, "मग लाईट का लागते?"

"ही लाईट ऑइल किती हाय ते सांगत नाय, मॅडम. ऑइल जोरानं वरती पोचतो का नाय, ते सांगते. इंजानाखालचा ऑइलचा चेंबर भरलेला आसला आनि पंपानं उचलला नाय, तरी ती लागनार."

तुम्ही इंजिनातून अंगठ्याएवढा एक स्विच काढलात आणि त्या जागी काट्याचं मीटर लावलंत. गाडी तापेपर्यंत आपण दोघं नुसते त्या काट्याकडे बघत उभे होतो. काटा जिथं राहायला हवा तिथं राहिला. "प्रेशर बरोबर हाय. स्विच येडा झालाय." एवढंच. नवा स्विच लावलात, लाईट गेली.

मी वीस वर्षं मुलांना केमिस्ट्री शिकवते. टेस्ट केल्याशिवाय उत्तर लिहू नका, हे वाक्य मी हजारदा फळ्यासमोर उभं राहून बोललेय. त्या दिवशी कुणीतरी ते माझ्यासमोर करून दाखवलं. म्हणून मी तुमच्याकडे येत राहिले.

निघताना तुम्ही खिडकीत वाकून अजून एक गोष्ट सांगितलीत. "आज लुकलुकत व्हती म्हनून चालला. पन लाल पेटली आनि गेली नाय, तर तिथंच बंद करायची. सायडीला घ्यायची, चावी फिरवायची. घर दोन मिनटावर आसला तरी नाय."

"दोन मिनिटांत काय होणार?"

"दोन मिनटात इंजान जाते."

मग ती टाइल्सची भानगड झाली. सोसायटीनं पार्किंगला नव्या टाइल्स बसवल्या आणि सेक्रेटरीनं नोटीस काढली की ऑइलचे डाग पाडणाऱ्या गाड्या बाहेर उभ्या कराव्यात. माझ्या गाडीखाली डाग होताच. तुम्ही रविवारी स्कूटरवरून पुठ्ठे घेऊन आलात. गाडीखाली पुठ्ठा सरकवलात आणि मला डाग ओळखायला शिकवलंत. नुसतं पाणी असेल तर एसीचं, काळजी नको. हिरवट असेल तर कूलंट. तपकिरी, काळसर आणि बोटाला चिकटणारं असेल तर इंजिन ऑइल. आणि ऑइल कुठून येतंय हे डागाच्या जागेवरून ठरवायचं नाही. "ऑइल वाट काढत काढत खाली येतो. गाडी चालताना वाऱ्यानं मागं बी जातो. म्हनून इंजान पुसून साफ करायचा, चक्कर मारून यायचा, आनि सगल्यात वरती कुठं ओला हाय ते बगायचा." आपण चक्कर मारून आलो. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, कडेला ओल होती. रबराचं गॅसकेट कडक झालं होतं. तो डाग मात्र पडत होता दीड हात मागे, अगदी दुसऱ्याच ठिकाणी.

त्या दिवसापासून आमच्या पार्किंगमध्ये तुमचे रविवार सुरू झाले. रंगाचा रिकामा डबा उपडा घालून तुम्ही बसायचात, दहा-बारा गाड्या रांगेनं बघायचात, आई वरून चहा पाठवायची. आपली भांडणंही तिथलीच. मी नेटवर वाचून सांगायचे की जुन्या इंजिनात जाड ऑइल घातलं की गळती थांबते. तुम्ही म्हणायचात, "थांबत नाय, लपते." मी तुम्हाला व्हिस्कॉसिटी समजावून सांगायला लागले की तुम्ही पान्हा उचलून गाडीखाली सरकायचात, आणि खालून आवाज यायचा, "बोला, बोला, मी ऐकतो." तो वाद तसाच राहिलाय. मला अजूनही वाटतं की माझा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता.

आता ते लिहायचं. पाणी पिऊन आले. पाणी प्यायची गरज नव्हती.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. आदल्या दिवशी तुम्ही गाडीचं ऑइल बदललं होतंत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला घेऊन पुण्याला, भावाकडे निघाले. कळंबोलीला स्टील मार्केटमधून निघालेले ट्रेलर रस्ता अडवून उभे होते. त्यांच्यामधून गाडी काढताना खालून खाडकन आवाज झाला. आई तेव्हा भाच्याच्या लग्नाचं काहीतरी सांगत होती. "काय गं लागलं?" ती म्हणाली. "खड्डा असेल," मी म्हटलं.

थोड्या वेळानं लाल लाईट लागली. लुकलुकली नाही. लागली आणि राहिली.

मला तुमचं वाक्य आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण दोन्ही बाजूंना ट्रेलर, ऊन रणरणतं, पुढे पुलाखाली सावली दिसत होती. म्हटलं, तिथपर्यंत नेऊ. मग तिथंही ट्रक उभे होते, म्हणून अजून पुढे. दीडेक किलोमीटर असेल. इंजिनातून ठकठक यायला लागली, तेव्हा मी गाडी बंद केली. मागं बघितलं तर रस्त्यावर काळी ओळ आलेली. खाली वाकून बघितलं तर चेंबरच्या नटावरून, म्हणजे तुम्ही आदल्या दिवशी ऑइल सोडायला जो नट काढून परत लावला होतात त्याच्यावरून, थेंब पडत होते.

आईचा चेहरा पांढरा पडला होता. एका ट्रेलरवाल्यानं आपल्या केबिनमधलं पाणी आणून तिच्या डोक्यावर ओतलं. आणि मी काय केलं? मी फोन काढला आणि ग्रुपवर लिहिलं:

"नेरूळच्या हिरामणकडे कोणीही गाडी देऊ नका. काल सर्व्हिसिंग केलं, ऑइलचा नटसुद्धा नीट लावला नाही. आज इंजिन गेलं. माझ्या आईच्या जिवावर बेतलं होतं."

हेच कॉलेजच्या ग्रुपवरही टाकलं. नंतर तुम्हाला फोन केला आणि रस्त्यावर उभी राहून ओरडले. तुम्ही मधे बोलला नाहीत. माझं संपल्यावर विचारलंत, "आयला सावलीत बसवलाव का? पानी द्या, गार नको. मी निघालो."

तासाभरात टेम्पो घेऊन आलात. डांबर तापून मऊ झालं होतं, त्यावर गोणपाट टाकून गाडीखाली सरकलात. मग मला म्हणालात, "मॅडम, जरा वाकून बगा." बॅटरीच्या उजेडात तुम्ही बोट लावून दाखवलंत. चेंबरच्या पुढच्या बाजूला ताजा ओरखडा होता, धातू चकाकत होता, आणि त्याच्या शेवटी चीर. रस्त्यावर पडलेली एखादी सळई उडून लागली असणार. ऑइल त्या चिरेतून येत होतं, चेंबरवरून ओघळत मागे जात होतं आणि सगळ्यात खाली असलेल्या नटावरून ठिबकत होतं. नट घट्ट होता. तुम्ही तो आवळल्यावर नटावर आणि चेंबरवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ मारायचात, नट हलला तर रेघ तुटावी म्हणून. रेघ सरळ होती.

"खोलून दाखवू?" तुम्ही विचारलंत.

"नको. दिसलं."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी गप्प राहिले. टेम्पोत आई तुमच्याशी बोलत होती, मी खिडकीबाहेर बघत होते आणि फोनवर त्या मेसेजखाली लोकांची उत्तरं येत होती. बरं झालं सांगितलंत. मलाही शंका होतीच. संध्याकाळी मी ग्रुपवर एक ओळ टाकली: "गाडीबाबत थोडा गैरसमज झाला होता, विषय बंद करावा." बस. ज्यानं पहिला मेसेज वाचला त्याला या ओळीतून काय कळणार होतं? काहीच नाही, आणि ते मला लिहितानाही माहीत होतं.

गाडी तीन आठवडे तुमच्याकडे होती. एका दुपारी तुम्ही मला बोलावलंत आणि इंजिनातलं एक बेअरिंग हातावर ठेवून दाखवलंत. अर्धगोल पत्रा. वरचा करडा थर घासून गेला होता आणि खालचं तांबं दिसत होतं. ऑइलशिवाय इंजिन फिरलं की असं होतं, हे तुम्ही सांगितलंत. मग विचारलंत, "लाईट लागल्यावर किती चालवली?"

मी म्हटलं, "लागली तशी बंद केली."

तुम्ही ते बेअरिंग उलटून पालटून बघितलंत, फडक्यात गुंडाळलंत आणि फळीवर ठेवून दिलंत. "चहा घेनार?" म्हणालात.

भाऊ, मी खोटं बोलले. ते खोटं ऑइलनं माखलेल्या तुमच्या तळहातावर मला दिसत होतं, तरी बोलले.

त्यानंतर तुम्ही आमच्या सोसायटीत पाऊल ठेवलं नाहीत. "तुमी गाडी इकडं आना," म्हणायचात. आणि एक नवी रीत सुरू केलीत. काम झालं की बॅटरी माझ्या हातात द्यायचात. "मॅडम, नट बगा, रेघ बगा, आनि मगच गाडी न्या." पहिल्यांदा मला वाटलं, शिकवताय. दुसऱ्यांदा माझ्या समोरच एका अनोळखी गिऱ्हाइकालाही तुम्ही तसंच वाकायला लावलंत, आणि मला कळलं. इतक्या वर्षांच्या कामानंतर तुम्ही प्रत्येकाला पुरावा देत होतात. मी तीनदा माफी मागायचं ठरवून आले होते. एकदा शब्द जुळवत बसले, एकदा दुसरं गिऱ्हाईक होतं. एकदा तर तोंड उघडलं होतं, "भाऊ, ते मागचं..." तुम्ही म्हणालात, "मागचा टायर ना? बगतो." आणि खरंच टायर बघायला गेलात. तुम्ही मला वाचवलंत की स्वतःला, हे मला आजवर कळलेलं नाही.

तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी मी तुमच्या घरी गेले. ओटीवर बायका बसल्या होत्या. सुरेखावहिनींनी मला बघितलं आणि त्या उठून मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. मी म्हटलं, "वहिनी, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"मेसेजचा ना?" त्या म्हणाल्या.

मला वाटलं होतं तुम्ही घरी सांगितलं नसेल. वहिनी म्हणाल्या, "कोनीतरी फोटो काढून त्यांना पाठवला व्हता. तुमची गाडी आनली त्याच सांजचा. चष्मा तुटलेला, म्हनून मना बोलले, वाच काय लिवलाय. मीच वाचून दावला. दोन दिस नीट जेवले नाय."

मी रडायला लागले. वहिनी रडल्या नाहीत.

"मी बोलली, जा, त्या बाईला दोन शब्द सुनवा. तर बोलले, तिची आय व्हती गाडीत, घाबरली व्हती ती. ते इसरले आसतील, बाई. मी नाय इसरली."

"माझी चूक होती, वहिनी. मला माफ करा."

"इथं मना सांगून काय व्हनार?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "चार भिंतीत लिवला व्हताव काय? जिथं लिवलाव तिथं लिवा."

गाडी गावाबाहेर काढून रस्त्याच्या कडेला लावली आणि तिथंच लिहिलं. तीनदा पुसलं. पहिल्यांदा त्यात 'परिस्थिती' होती, दुसऱ्यांदा 'आईची तब्येत', तिसऱ्यांदा 'अनवधानाने'. सगळं काढून टाकलं. शेवटी एवढंच राहिलं:

"दोन वर्षांपूर्वी मी इथं हिरामणभाऊंविषयी लिहिलं ते खोटं होतं. त्यांनी लावलेला नट घट्ट होता. रस्त्यावरचं लोखंड लागून चेंबर फाटलं. ऑइलची लाल लाईट लागल्यावरही मी दीड किलोमीटर गाडी चालवली, म्हणून इंजिनाचं नुकसान झालं. हे मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी सांगितलं नाही. त्यांनी मला विचारलं तेव्हा त्यांच्याशीही मी खोटं बोलले."

कॉलेजच्या ग्रुपवरही टाकलं. सोसायटीतले बी विंगचे साने काका, ज्यांनी माझ्या मेसेजनंतर आपली गाडी तुमच्याकडून काढून घेतली होती, त्यांनी लिहिलं, "हे ते असताना सांगायचं होतं." त्यांचं बरोबर आहे.

आज सकाळी वहिनींचा फोन आला. मी पार्किंगमध्येच होते, हातात डिपस्टिक पुसायचं फडकं.

"कोनीतरी पाठवला, वाचला मी," त्या म्हणाल्या. "जावेला बी दावला. शेजारी पन वाचला."

"हो, वहिनी."

"एक इचारू?"

"विचारा."

"लाईट लागल्यावर बी तुमी गाडी चालवत नेली, ते खरा हाय?"

"खरं आहे."



"आमाला तर ते उलटाच सांगायचे," वहिनी म्हणाल्या. "बोलायचे, मॅडमनी लाल लाईट बगितल्या बगितल्या गाडी बंद केली, म्हनून इंजान वाचला. गॅरेजवर जो येल त्याला सांगायचे. मी शिकवलाय तिला, बोलायचे."

मी हातातलं फडकं बॉनेटवर ठेवलं.

"हो वहिनी," मी म्हटलं. "त्यांनी शिकवलं होतं. मीच ऐकलं नाही."